नवरा पगारावर, बायको स्वतःच्या धंद्यात: आयर्लंडमध्ये कोणतं टॅक्स क्रेडिट पदरात पाडून घ्यावं?

फॉलपिको

नमस्कार मंडळी. आम्ही डब्लिनजवळ लूकनला राहतो. नवरा आयटीत आहे, पगार वर्षाला ७०,००० युरो. मीही २०२४ संपेपर्यंत नोकरीत होते, मग ती सोडली आणि घरीच शिवणकाम सुरू केलं. आधी ओळखीतल्या साड्यांना फॉल-पिको आणि ब्लाउज. मग शेजारच्या आयरिश आजी पडदे घेऊन आल्या, त्यांच्यामागून नातीचा कम्युनियनचा (चर्चमधल्या विधीचा) पांढरा ड्रेस आला, आणि त्या एका ड्रेसवरून एप्रिल-मे महिन्यात घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खर्च वजा जाता २०२५ चा नफा ९,००० युरोच्या आसपास आहे. मुलगी सहा वर्षांची. पासपोर्ट आयरिश झालाय, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही.

आता रिटर्नचं बघायचंय. एका अकाउंटंटला फोन केला तर "जॉइंट असेसमेंट करा, होम केअरर क्रेडिट घ्या" (म्हणजे नवराबायकोचा कर एकत्र मोजायचा, आणि घरी मूल सांभाळणाऱ्यासाठीची, करातून थेट वजा होणारी सूट घ्यायची) एवढं सांगून त्याने फीचा आकडा सांगितला. फी ऐकून म्हटलं, आधी इथे विचारावं. नोकरीत होते तेव्हा मला एम्प्लॉयी क्रेडिट मिळायचं. ते आता गेलं, मग त्याच्या जागी काय? माझं न वापरलेलं क्रेडिट नवऱ्याला देता येतं का? आणि होम केअरर खरंच घ्यावं का?

---

मेनूथकर

होम केअरर डोळे झाकून घ्या. १,९५० युरो म्हणजे काय थोडे झाले? आम्ही दरवर्षी घेतो.

---

जमाखर्च

मेनूथकर, तुमच्याकडे वहिनींचं स्वतःचं उत्पन्न नसावं, म्हणून तुम्हाला ते पूर्ण मिळतं. फॉलपिकोताईंचं गणित वेगळं आहे.

ताई, एकेक सांगतो. आकडे २०२५ चे आहेत. २०२६ च्या बजेटमध्येही ही क्रेडिटं आणि बँड तसेच ठेवलेत.

नोकरीवाल्याला एम्प्लॉयी क्रेडिट २,००० चं. स्वतःचा धंदा असणाऱ्याला त्याऐवजी अर्न्ड इन्कम क्रेडिट, तेही जास्तीत जास्त २,००० चं. मात्र ते नफ्याच्या २० टक्क्यांहून जास्त मिळत नाही. तुमचा नफा ९,००० म्हणजे तुम्हाला १,८००. १०,००० नफा झाला की पूर्ण २,०००. उरलेले २०० नवऱ्याला देता येणार नाहीत. एम्प्लॉयी आणि अर्न्ड इन्कम ही दोन्ही क्रेडिटं ज्याची त्याचीच, नवराबायकोत फिरत नाहीत. जोडप्याचं जे ४,००० चं वैयक्तिक क्रेडिट आहे, ते मात्र दोघांत हवं तसं वाटता येतं.

आता बँड, म्हणजे उत्पन्नाचा जेवढा भाग २० टक्क्यांच्या दरात बसतो तो; त्यावरच्याला ४० टक्के. २० टक्क्यांचा बँड एकट्याला ४४,००० चा. जोडप्यात एकच कमावता असेल तर ५३,०००. दोघं कमावते असतील तर ५३,००० मध्ये कमी कमावणाऱ्याचं उत्पन्न मिळवायचं, पण ही वाढ ३५,००० पर्यंतच. म्हणजे दोघांचा मिळून कमाल ८८,०००. हे वाढीव ३५,००० फक्त कमी कमावणाऱ्याच्याच उत्पन्नाला लागतात. नवऱ्याच्या वाट्याला काही झालं तरी ५३,००० च्या वर २० टक्क्यांचा दर येत नाही.

आणि खरी मेख इथेच आहे. वाढीव बँड आणि होम केअरर क्रेडिट या दोन्हींतलं एकच मिळतं.

होम केअरर १,९५० चं. पण घरी मूल सांभाळणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न ७,२०० च्या वर गेलं की वरच्या रकमेच्या निम्म्याने ते कमी होत जातं आणि ११,१०० ला संपतं. तुमचे ९,००० म्हणजे १,८०० जास्त, त्याचे निम्मे ९००. हातात राहिलं १,०५०.

दोन्ही प्रकारे मांडून दाखवतो.

वाढीव बँड घेतला तर: एकूण उत्पन्न ७९,०००, बँड ६२,०००. २० टक्क्यांनी १२,४००, उरलेल्या १७,००० वर ४० टक्क्यांनी ६,८००. एकूण १९,२००. क्रेडिटं ४,००० + २,००० + १,८०० = ७,८००. कर ११,४००.

होम केअरर घेतलं तर: बँड ५३,००० वरच थांबला. १०,६०० आणि २६,००० वर १०,४००, मिळून २१,०००. क्रेडिटं ७,८०० + १,०५० = ८,८५०. कर १२,१५०.

अकाउंटंटचं ऐकलं असतं तर वर्षाला ७५० युरो जास्त गेले असते. फी वेगळीच.

---

फॉलपिको

बापरे. हे इतकं सुटसुटीत कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे होम केअरर विसरायचं?

---

जमाखर्च

या वर्षापुरतं हो. पण कायमचं नाही. समजा पुढच्या वर्षी तुम्ही काम कमी केलं आणि नफा ४,००० वर आला. तेव्हा वाढीव बँडने वाचतात ४,००० चे २० टक्के म्हणजे ८००, आणि होम केअररने पूर्ण १,९५०. तिथे होम केअररच घ्यायचं.

नवरा चांगला वरच्या दरात असेल तर पारडं फिरतं ते ७,९०० च्या आसपास. त्याच्या खाली होम केअरर, वर वाढीव बँड. कागदावर दोन ओळींत निघतं.

---

कॉर्ककर

जमाखर्च, एक पुरवणी जोडतो. हा ७,९०० चा आकडा सगळ्यांना लागू नाही. माझा पगार ४५,००० आहे, बायको घरी क्लासेस घेते, तिचा नफाही ९,००० च्या जवळपास. आमची बेरीज ५४,०००. साध्या ५३,००० च्या बँडबाहेर जेमतेम हजारच जातात. त्यामुळे वाढीव बँडने वाचतात २०० आणि होम केअररने १,०५०. आम्ही होम केअरर घेतो. म्हणजे बायकोचा नफा सारखाच, उत्तर उलटं. नवऱ्याचा पगार विचारल्याशिवाय कोणी सल्ला देत असेल तर ऐकू नका.

---

जमाखर्च

+१. अगदी बरोबर. ४० टक्क्यांत किती रक्कम जातेय, त्यावरच सगळं.

---

खवचट_काका

आम्ही पुण्यात बसून वाचतोय. तुमच्याकडे नवराबायकोचं एकत्र रिटर्न असतं याचाच हेवा वाटतो. इथे ज्याचं त्याने भरायचं, आणि बायकोला आपल्याच फर्ममधून पगार दिला की तो बहुतेक वेळा उलटा आपल्याच उत्पन्नात जोडतात. लग्नाचा फायदा काही नाही, तोटे मात्र पूर्ण. (हलकेच घ्या.)

प्रश्न खरा आहे: तिकडे धंदेवाल्या नवऱ्याने बायकोला पगारावर ठेवलं तर?

---

जमाखर्च

काका, ठेवता येतं. पण काम खरं हवं आणि पगार त्या कामाला शोभेसा हवा. महिन्यातून एकदा पावत्या फाइलला लावल्या आणि ३०,००० पगार दाखवला तर रेव्हेन्यू (इथलं कर खातं) प्रश्न विचारणारच. अशा बायकोला एम्प्लॉयी क्रेडिट मिळत नाही. त्याऐवजी अर्न्ड इन्कम क्रेडिट मागता येतं. २०१६ च्या आधी तेही नव्हतं.

---

लिमरिकची_सून

आमच्याकडे उलटं आहे, म्हणून विचारते. मी हॉस्पिटलमध्ये नर्स, ओव्हरटाइम धरून ५८,०००. नवरा टॅक्सी चालवतो, डिझेल-विमा-दुरुस्ती जाऊन २४,००० राहतात. मुलं दोन. घरी मुलांना शाळेत सोडणं-आणणं, डबे, सगळं तोच बघतो, माझ्या बारा-बारा तासांच्या ड्युट्या असतात. होम केअरर पुरुषाला मिळतं ना? आणि ऑक्टोबर आला की आमच्याकडे दरवर्षी भांडण. मला दर महिन्याला कर कापून पगार येतो, मग वर ही एवढी मोठी रक्कम कुठून आली, असं मी म्हणते. तो म्हणतो, ती माझ्या टॅक्सीची आहे, तुझ्या डोक्याला कशाला ताप.

---

जमाखर्च

पुरुषाला नक्की मिळतं, कायद्यात बाईच हवी असं काही नाही. पण त्यांचं उत्पन्न ११,१०० च्या पुढे असल्याने तुम्हाला लागू नाही. मुलं दोन असोत की चार, घराला क्रेडिट एकच, हेही लक्षात ठेवा.

भांडणाचं गणित असं. तुमच्या पगारातून ५३,००० चा बँड आणि ४,००० + २,००० क्रेडिट वापरून ६,६०० कर कापला जातो. त्यांच्या २४,००० वर २० टक्के म्हणजे ४,८००, त्यातून त्यांचं २,००० चं क्रेडिट गेलं, राहिले २,८००. शिवाय यूएससी (उत्पन्नावरचा वेगळा अधिभार) साधारण ३०० आणि पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) हजाराच्या आत-बाहेर. ऑक्टोबरला एकदम ४,१०० च्या घरात रक्कम येते ती ही.

दोघांचा मिळून आयकर ९,४०० च आहे, वाटणी कशीही करा. हवं तर ४,००० च्या वैयक्तिक क्रेडिटातले २,००० त्यांच्या नावावर वळवा. तुमचा पगार महिन्याला १६७ ने कमी होईल, ऑक्टोबरचं बिल २,१०० वर येईल. वाचणार काहीच नाही, फक्त टोचणी वर्षभरात विभागली जाईल.

---

लिमरिकची_सून

नको, पगार कमी झालेला मला बघवणार नाही. त्यापेक्षा त्यालाच दर शुक्रवारी टॅक्सीच्या गल्ल्यातून वेगळे काढायला लावते. पोस्ट ऑफिसात खातं आहेच.

---

मेनूथकर

अवांतर: होम केअरर ६६ वर्षांवरच्या माणसाला सांभाळलं तरी मिळतं म्हणे. आई दर उन्हाळ्यात येते, ती ७१ ची आहे. चालेल का?

---

कॉर्ककर

मेनूथकर, व्हिजिट व्हिसा ९० दिवसांचा. क्रेडिटसाठी त्या तुमच्याकडे राहायला हव्यात, फिरायला आलेल्या नव्हे. आणि खरं सांगा, त्या तीन महिन्यांत कोण कोणाला सांभाळतं?

---

मेनूथकर

😀 हा हिशेब काढायलाच नको.

---

नवा_सभासद

पहिल्यांदाच लिहितोय. मी क्रिटिकल स्किल्स परमिटवर (कामाचा परवाना), बायको स्टॅम्प १जी वर (परमिटवाल्याच्या जोडीदाराचा राहण्याचा परवाना). तिलाही घरून केक करून विकायचे आहेत. अर्न्ड इन्कम क्रेडिट तिला मिळेल ना? धागा वाचून उत्साह आलाय.

---

फॉलपिको

थांबा थांबा, उत्साह जरा आवरा. स्टॅम्प १जी वर नोकरी करता येते, वेगळं परमिट लागत नाही. पण स्वतःचा धंदा करता येत नाही. माझ्या ओळखीत एकीने वर्षभर मेंदी-मेकअपची कामं घेतली, आणि स्टॅम्प बदलायच्या वेळी बँक स्टेटमेंटकडे बघून तिची झोप उडाली होती. स्टॅम्प ४ (धंद्याची मुभा असलेला परवाना) किंवा नागरिकत्व आल्यावर खुशाल करा. तोवर त्यांना एखाद्या बेकरीत नोकरी बघायला सांगा, हात तयार होईल.

---

कॉर्ककर

फॉलपिकोताई म्हणतात तेच. पुढे स्टॅम्प ४ आला तरी खाण्याच्या धंद्याला एचएसईकडे (सरकारी आरोग्यसेवेकडे) आधी नोंदणी लागते, निदान २८ दिवस अगोदर. टॅक्सचं त्यानंतर.

---

नवा_सभासद

अरेरे. पण वेळेत कळलं. धन्यवाद दोघांनाही.

---

फॉलपिको

परत मीच. काल रात्री रेव्हेन्यूच्या वेबसाइटवर नवऱ्याच्या मायअकाउंटमध्ये जाऊन त्याचं २०२५ चं टॅक्स क्रेडिट सर्टिफिकेट उघडलं. त्यात बँड ४४,००० आणि क्रेडिटं एकूण ४,००० दिसतायत. जमाखर्च तर ५३,००० आणि ६,००० म्हणताहेत. बरोबर काय?

---

जमाखर्च

अरे वा. ताई, हे बघितलंत ते फार बरं केलंत.

२०२४ मध्ये तुम्ही दोघं नोकरीत होता. तेव्हा बँड ४२-४२ हजार आणि वैयक्तिक क्रेडिट निम्मं-निम्मं वाटलेलं असणार. तुम्ही नोकरी सोडलीत, पण रेव्हेन्यूला ते कोणी सांगितलं नाही, म्हणून २०२५ लाही निम्मी वाटणी तशीच पुढे आली. तुमच्या वाट्याचं वैयक्तिक क्रेडिट आणि बँडमधले ९,००० वर्षभर नुसते पडून होते.

नवऱ्याच्या पगारातून कापला गेला: ४४,००० वर ८,८००, वरच्या २६,००० वर १०,४००, एकूण १९,२०० वजा ४,००० = १५,२००.
कापायला हवा होता: ११,४००.

म्हणजे ३,८०० युरो जास्त गेलेत. ते तुमचेच आहेत, रिटर्न भरलं की परत.

---

लिमरिकची_सून

फॉलपिको, पार्टी! 🎉

---

खवचट_काका

नवऱ्याला आत्ताच सांगू नका. आधी नवी ओव्हरलॉक मशीन बुक करा.

---

फॉलपिको

काका, मशीन आधीच घेतली आहे, तीच तर जूनमध्ये घेतलेली. १,६०० ची. तीच खर्चात टाकून नफा कमी होईल असं वाटत होतं, पण कुणीतरी म्हणालं एकदम टाकता येत नाही?

आणि जमाखर्च, हे ३,८०० पूर्ण येतील? माझ्या धंद्यावरचा कर कुठे गेला मग?

---

जमाखर्च

तुमच्या ९,००० वर २० टक्क्यांनी कर होतो १,८००, आणि तुमचं अर्न्ड इन्कम क्रेडिटही १,८००. फिट्टंफाट. आयकर शून्य. यूएससी प्रत्येकाचा वेगळा मोजतात, त्यात नवराबायको एकत्र नसतात, आणि १३,००० पर्यंत एकूण उत्पन्न असेल तर तो लागतच नाही. राहता राहिला पीआरएसआय. धंदेवाल्यांचा क्लास एस. टक्केवारीने तुमचा ४०० च्याही आत येतो, पण किमान रक्कम ६५० आहे, तेवढे द्यावेच लागतात. तर ३,८०० वजा ६५०, हातात ३,१५०.

मशीनचे १,६०० एका वर्षात टाकता येत नाहीत. वर्षाला साडेबारा टक्के, आठ वर्षं. म्हणजे दरवर्षी २००. दोरे, सुया, कॅनव्हास, अस्तर, जाहिरातीचे पैसे, फोनचा धंद्यापुरता भाग हे मात्र त्या-त्या वर्षी पूर्ण. घरातली एक खोली वापरता तर वीज-हीटिंगचा वाजवी हिस्साही. धंदा सुरू करण्याआधी जो खर्च केलात तो तीन वर्षं मागचाही चालतो, धंद्याचाच असला म्हणजे झालं. पावत्या सहा वर्षं जपून ठेवा.

भारतात जसं छोट्या धंद्यांना ठोक टक्केवारीने नफा दाखवून मोकळं होता येतं तसं इथे नाही. वही लिहावीच लागते.

---

फॉलपिको

वही आहे. शिवणाच्या मापांच्या वहीतच उजव्या पानावर पैसे लिहिलेत. "मिसेस ओ'ब्रायन, कंबर ३४, पडदे ४ जोड, ६० रोख." चालेल?

---

जमाखर्च

रेव्हेन्यूला कंबर नको, बाकी चालेल. 😀 रोखीचे आलेले सगळे लिहा मात्र. एक साधी एक्सेल शीट करा आणि वही जपून ठेवा.

---

गॉलवेचा_पाऊस

हे ६५० मला नेहमी खुपतात. नफा ५,००० च्या खाली ठेवला तर पीआरएसआय लागत नाही असं ऐकलंय. मग ४,९०० दाखवून मोकळं का होऊ नये?

---

कॉर्ककर

"ठेवला" म्हणजे खरंच तेवढा झाला तर ठीक, नाहीतर हा सल्ला या धाग्यावर नको.

आणि ६५० कडे दंड म्हणून बघू नका. त्यात वर्षभराची नोंद पडते. त्या नोंदीवर पुढे सरकारी पेन्शन, दात-डोळ्यांचा ट्रीटमेंट बेनिफिट, बाळंतपणाचा भत्ता. माझी बायको पहिली दोन वर्षं ५,००० च्या आतच होती, तेव्हा ती काहीच भरत नव्हती. नंतर समजलं की दुसऱ्या बाळाच्या वेळी क्लास एसचा भत्ता मिळायला ५२ आठवड्यांची नोंद लागते. हे इथे लिहितोय कारण धंदा सुरू करणाऱ्या बहुतेक मुलींना हे कोणी सांगत नाही. टॅक्स वाचवण्यावर सगळे बोलतात.

---

लिमरिकची_सून

कॉर्ककर, पटलं. शिवाय बारा वर्षांखालचं मूल घरी सांभाळलेली वर्षं पेन्शनच्या हिशेबात होमकेअरिंग म्हणून धरतात, तेही बघून ठेवावं. पण ते पेन्शनपुरतंच, बाळंतपणाच्या भत्त्याला नाही.

---

अर्धवेळ

माझं थोडं खिचडीचं आहे. आठवड्यातले दोन दिवस सुपरमार्केटमध्ये, वर्षाचे ६,०००. शिवाय घरून ग्राफिक डिझाइन, नफा ५,५००. दोन्ही क्रेडिटं मिळतील, म्हणजे ४,००० का?

---

जमाखर्च

नाही. दोन्ही मिळून एका माणसाला २,०००. तुमचं एम्प्लॉयी क्रेडिट ६,००० च्या २० टक्के म्हणजे १,२००, आणि अर्न्ड इन्कमचे ८००. झाले २,०००. आणि एकूण ११,५०० असल्याने होम केअरर संपलं. एकच सूट आहे: गेल्या वर्षी तुम्हाला होम केअरर मिळालं असेल आणि यंदा उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलं असेल, तर गेल्या वर्षीच्याच रकमेइतकं क्रेडिट आणखी एक वर्ष मागता येतं. पण तेव्हाही वाढीव बँड सोडावा लागतो. दोन्ही मांडून बघा.

---

इतिहासाची_आवड

धागा मस्त चाललाय, थोडं मागचं लिहितो. या देशात १९८० पर्यंत लग्न केलं की कर वाढायचा, कारण दोघांचं उत्पन्न एकत्र करून एकाच्याच पट्ट्यात घालायचे. मर्फी नावाच्या शिक्षक दांपत्याने सरकारला कोर्टात खेचलं आणि सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. मग जोडप्यांना सगळं दुप्पट मिळू लागलं. डिसेंबर १९९९ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्हींनी ते पुन्हा व्यक्तिनिहाय करायला घेतलं. घरी राहणाऱ्या आयांच्या कुटुंबांना तोटा होणार म्हणून गदारोळ उठला, आणि तो शमवायला होम केअररची सवलत आणली. वाढीव बँड आणि होम केअरर यांतलं एकच घ्या, हा नियम त्या तडजोडीचाच राहिलेला शिक्का.

नोकरदारांना जादा सवलत मिळाली तीही १९७९ च्या मोठ्या मोर्च्यांनंतर. नोकरदारांचं म्हणणं, कराचं ओझं आम्हीच वाहतो, शेतकरी आणि धंदेवाले निसटतात. धंदेवाल्यांना मात्र २०१६ मध्ये जेमतेम ५५० चं क्रेडिट मिळालं, आणि नोकरदारांच्या बरोबरीला यायला आणखी काही वर्षं लागली.

---

खवचट_काका

म्हणजे तिकडेही मोर्चे काढल्याशिवाय काही मिळत नाही. बरं वाटलं ऐकून.

---

फॉलपिको

इतिहास आवडला, पण माझी गाडी अजून फॉर्मवरच अडकली आहे. माझं रिटर्न मी भरायचं ना? धंदा माझा आहे.

---

जमाखर्च

इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. जॉइंट असेसमेंटमध्ये एक जण असेसेबल स्पाउस असतो, बहुतेक वेळा जास्त कमावणारा. रिटर्न त्याच्या नावाने, त्याच्या पीपीएस नंबरवर (सरकारी ओळख क्रमांकावर) जातं आणि त्यात दोघांचं उत्पन्न असतं. तुमचा नफा ५,००० च्या वर असल्याने फॉर्म ११ (धंदेवाल्यांचं मोठं रिटर्न) लागणार, रॉसवरून, म्हणजे रेव्हेन्यूच्या ऑनलाइन सेवेवरून. म्हणजे ज्याने आयुष्यात कधी रिटर्न भरलं नाही त्या तुमच्या नवऱ्याला आता तुमच्या शिवणकामामुळे भरावं लागणार. तुमची धंद्याची नोंदणीही मायअकाउंटमधून करून घ्या, राहिली असेल तर.

नफा ५,००० च्या आत आणि धंद्याची एकूण जमा ३०,००० च्या आत असती तर साध्या फॉर्म १२ वर भागलं असतं.

मुदत ३१ ऑक्टोबर. रॉसवरून भरणं आणि पैसे देणं दोन्ही केलं तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मिळते. त्याच दिवशी २०२६ चा आगाऊ करही द्यायचा असतो, यंदाच्या अंदाजाच्या ९० टक्के किंवा मागच्या वर्षीच्या १०० टक्के. पहिल्या वर्षी हा दुहेरी फटका बसतो, पण तुमचा आयकर शून्य असल्याने तो पीआरएसआयपुरताच.

---

लिमरिकची_सून

हे नवऱ्याच्या नावाने सगळं जायचं मला खटकतं. धंदा तिचा, वही तिची, आणि पत्रं त्याला. फॉलपिको, हवं तर तुम्ही स्वतः असेसेबल स्पाउस होऊ शकता. दोघांनी मिळून रेव्हेन्यूला कळवायचं, साधारण ३१ मार्चच्या आत, म्हणजे त्या वर्षापासून लागू. आमच्याकडे मीच आहे.

---

कॉर्ककर

स्वतंत्र असेसमेंटही आहे, त्यात एकूण कर तेवढाच राहतो, फक्त कागदपत्रं वेगळी. पण पूर्णपणे एकट्यासारखं वागवून घेण्याचा जो तिसरा पर्याय आहे, तो घेऊ नका. त्यात बँडचे ९,००० आणि वैयक्तिक क्रेडिट दोन्ही एकमेकांना देता येत नाहीत. तुमच्या बाबतीत ते ३,८०० तिथेच बुडाले असते.

---

फॉलपिको

नवऱ्याला विचारलं. तो म्हणतो, "तूच हो असेसेबल, मला रॉसचा पासवर्ड लक्षात राहणार नाही." तर पुढच्या वर्षीपासून मी. २०२५ चं मात्र त्याच्याच नावाने भरतोय. काल त्याच्या सर्टिफिकेटमध्ये यंदासाठी बँड ५३,००० आणि ४,००० चं पूर्ण वैयक्तिक क्रेडिट करून घेतलं, पुढच्या पगारात दिसेल म्हणे.

एक शेवटचं. आम्ही भाड्याने राहतो. रेंट क्रेडिट मिळतं ना? कधी घेतलंच नाही.

---

जमाखर्च

कधीच नाही?! जॉइंट असेसमेंटच्या जोडप्याला वर्षाला २,००० पर्यंत, भाड्याच्या २० टक्के. घरमालकाने आरटीबीकडे (भाड्याच्या घरांची नोंद ठेवणाऱ्या मंडळाकडे) नोंदणी केलीय ना, तेवढं बघा. मागची चार वर्षं दावा करता येतो. भाडेकरार आणि बँकेची स्टेटमेंट काढून ठेवा, संध्याकाळी व्यनि करतो.